मंदाकिनीबाईंनी पास केलेली रायफल

परदेशातल्या टाकानिनी उपनगरातल्या त्या नव्या घरांच्या रांगेत मंदाकिनीबाईंना ओळखणारी माणसं मोजकीच. पण जी होती, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शंतनुची रायफल त्याच्या आईने निवडून दिली आहे. शंतनु स्वतःच सांगत सुटायचा. "पंचाहत्तरीची आई दुकानात आली, चष्मा कपाळावर चढवला आणि महागाच्या सगळ्या सोडून एक जुनी, साधी, कारखान्यात घाऊक बनलेली रायफल माझ्या हातात दिली. म्हणाली, हीच घे."

खोटं नव्हतं ते. बाईंनी एकतीस वर्षं पुण्याजवळच्या शस्त्रांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. दुकानदाराने बोल्ट, म्हणजे गोळीच्या मागे अडकून बसणारा दांडा, काढून दाखवला, तेव्हा त्यांनी त्याच्या टोकाला बाहेर आलेले दोन कान उजेडात धरले. दोन्ही सारखे घासलेले. म्हणजे गोळी उडताना दोघांवर भार सारखा पडत होता.

"कारखान्यातून माल शेकड्याने निघतो," त्या म्हणाल्या, "त्यात एखादी अशी जमून जाते. पाया चांगला आहे हिचा. वरचं काय हवं ते बदल." आणि पूर्वी मालावर आपल्या नंबराचा शिक्का ठोकायच्या तशी शंतनुच्या तळहातावर मूठ आपटली. "सत्तेचाळीस नंबर. पास."

शंतनुला शिकार करायची नव्हती. क्लबात जाऊन शंभर मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, एवढीच हौस. त्याने नवा लाकडी दस्ता बसवला, खटका हलका करून घेतला, वर दुर्बीण चढवली. नळी आणि दस्त्याच्या मध्ये बारीक फट ठेवली; नळी तापली की तिला मोकळं हलता यावं म्हणून. ऑगस्टमध्ये पाच गोळ्यांची पाच भोकं एका सुपारीखाली झाकली गेली. क्लबातला बंदुकांचा कारागीर विरेमू भुवया उंचावून म्हणाला, "फॅक्टरीची बॉडी? स्वीट अ‍ॅज!" म्हणजे एकदम झकास. बाईंचे पाय पुढचे चार दिवस जमिनीवर नव्हते.

दसरा झाला आणि रायफल बिघडली.

पहिल्या दोन गोळ्या जागेवर लागायच्या, तिसरीपासून एकेक वर सरकायची, उजवीकडे. शंतनुने स्क्रू आवळून पाहिले, दुर्बीण बदलली, वेगळ्या गोळ्या आणल्या. रड तीच.

"शनिवारी विरेमूला देऊन टाकतो," गुरुवारी जेवताना तो म्हणाला. "सुट्या भागांसाठी वापरेल तो. मी आता खास बनवून घेतलेली कस्टम बॉडीच मागवतो."

"अरे, बॉडीत दोष नाही तिच्या!"

"असू दे गं आई. नुसत्या डोळ्यांनी किती दिसणार? तुझी काय चूक त्यात?"

तो मायेनेच बोलला, आणि तेच बाईंना लागलं. चिडला असता तर भांडता तरी आलं असतं.

"आई, आमटी घ्या ना अजून," सून ऋचा म्हणाली. "रायफल रुसली म्हणून तुम्ही रुसायचं का?"

बाई हसल्या, पण वाटी पुढे केली नाही. गुडघे गेले होते, कान एक गेला होता, नावं विसरायला होत होती. त्याचं काही नाही. नजर मात्र जाणार नाही, असं त्यांनी आपलं धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी पूजा करताना एक अक्षता पाटाच्या फटीत पडली. नखाने निघेना. बाई सुई आणायला उठल्या आणि उठता उठता तशाच थबकल्या.

कारखान्यातली खंडेनवमी त्यांना जशीच्या तशी आठवली. लेथवर झेंडूच्या माळा, मापांच्या पेट्यांवर कुंकू, हातावर पेढा. आणि दसऱ्याची सुट्टी संपली की सकाळी सकाळी दारात उभ्या शकुताई, त्यांच्या वरिष्ठ. हातात ब्रशांचा गठ्ठा. "देवाचं झालं, आता दाणे काढा! एक दाणा राहिला तर पगार कापीन!" मग सगळ्या जणी वाकून प्रत्येक खाच झाडायच्या. अशी एकतीस वर्षं.

यंदा गॅरेजमध्ये पाटावर रायफल मांडून पूजा कुणी केली? त्यांनीच. ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठभर कुणी वाहिल्या? त्यांनीच. आणि ब्रश?

इथे शकुताई नव्हत्या.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. उद्या रायफल जाईल, विषय संपेल. वेंधळी म्हातारी ठरण्यापेक्षा ते बरं. पण खोट्या कागदावर त्यांनी आजवर सही केली नव्हती.

शंतनु शुक्रवारी घरूनच काम करायचा. "मीटिंग संपली का रे?" त्यांनी दारातून विचारलं. "रायफलची तिजोरी उघड. आणि एक कागद दे."

कागदाची पट्टी नळीखाली घालून त्यांनी ती दोन्ही हातांनी मागे ओढत नेली. अर्ध्यावर पट्टी अडकली.

"अडकायला नको," शंतनु म्हणाला. "ऑगस्टमध्ये आरपार गेली होती. नंतर मी दस्ता उघडलाच नाही."

"तेव्हा गेली म्हणून परत पाहिलं नाहीस. उघड आता."

त्याने दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. डाव्या कडेला, खोबणीत, वाळून लाकडाला घट्ट चिकटलेला तांदळाचा एक दाणा. लालभडक.

"नळी गार असताना जेमतेम टेकत असेल," बाई म्हणाल्या. "तापून फुगली की यावर दाबली जायची. म्हणून पहिल्या दोन बरोबर." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझीच पूजा नडली रे. झाडायचं राहिलं."

शंतनुने दाणा नखाने खरवडून तळहातावर घेतला. ऋचा डोकावली, तिने दाणा पाहिला आणि भिंतीला टेकून हसत सुटली. "अहो आई, कस्टम बॉडी मागवणार होता हा! देवाने वेळेवर सांगितलं."

"देवाने नाही, शकुताईंनी," बाई म्हणाल्या.

शनिवारी बाईही क्लबात गेल्या. कानांवर भलेमोठे हेडफोन, मांडीवर डब्यात थालीपीठ. पाच गोळ्या झाल्या. शंतनु कागद घेऊन धावतच आला. बाईंनी पिशवीतून सुपारी काढून ठेवली. पाचही भोकं झाकली गेली, थोडी जागा उरली.

त्यांनी पेन मागून घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात, कारखान्यात लिहायच्या तसं, नीट लिहिलं: 'माल निर्दोष. दोष तपासनीस क्र. ४७ यांचा.' खाली सही, तारीख.

काय लिहिलंय ते विरेमूने विचारलं. शंतनुने दाण्यासकट सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, मग आपल्या गाडीकडे गेला आणि फडक्यात गुंडाळलेला दुसऱ्याच कुठल्या रायफलीचा बोल्ट घेऊन आला. त्याच्या भाषेत वडीलधाऱ्या बाईला मारतात तशी त्याने "फाएआ" अशी हाक मारली आणि बोल्ट दोन्ही हातांनी पुढे धरला.

"काय म्हणतोय हा?" बाईंनी विचारलं.

"विचारतोय, हा धरून नवी रायफल उभारावी का? तू बघून सांग म्हणतोय."

मंदाकिनीबाईंनी थालीपिठाचा डबा बाजूला ठेवला, बोटं पदराला पुसली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"उजेडाकडे चल म्हणावं त्याला."