मारेगावातून काढलेला शनी

मारेगावच्या बसस्टँडसमोर सत्यशीला नगराळेचा फोटो स्टुडिओ आहे. आधारचे, नोकरीच्या अर्जाचे, लग्नासाठी दाखवायचे असे सगळे फोटो ती एकटीच काढते. तिचा भाऊ इंद्रजित पुण्याला राहायला गेला. तिथल्या फ्लॅटला गच्ची नव्हती, म्हणून आपली दुर्बीण तो बहिणीकडे ठेवून गेला.

पहिल्याच संध्याकाळी सत्यशीलाने दुकानाच्या गच्चीवरून अर्धा चंद्र पाहिला आणि खाली जाऊन पासपोर्ट फोटोंचा जुना, छोटा कॅमेरा घेऊन आली. नुसतं पाहून तिचं भागत नव्हतं. कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून तिने बटण दाबलं. आला तो नुसता पांढरा गोळा.

काळ्या पडद्यासमोर पांढऱ्या शर्टातलं गिऱ्हाईक बसलं की असंच होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने कॅमेऱ्यातला उजेड कमी केला. आता चंद्रावरचे खड्डे दिसले, पण हात हलल्याने पुसट.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या जमीरभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. "जमीरभाई, हा कॅमेरा दुर्बिणीले घट्ट धरून ठेवन असं काही बनवून द्या."

"काय पाह्यता ताई एवढं?"

"चंद्र."

जमीरभाई हसला, पण पाइपचा तुकडा कापून, आतून रबर लावून त्याने पक्की पकड बनवून दिली. त्या संध्याकाळी चंद्र असा आला, की एकेका खड्ड्याच्या कडेची सावली मोजून घ्यावी. जमीरभाई गच्चीवर उभा राहून कॅमेऱ्याचा पडदा पाहत होता. "हे माह्या पाइपातून आलं?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं.

मग तिने शनीचा ध्यास घेतला. शनी चंद्रासारखा सोपा नव्हता. हवा थरथरली की तोही थरथरायचा, आणि नीट दिसेपर्यंत पडद्याबाहेर निघून जायचा. ती व्हिडिओ घ्यायची, कॉम्प्युटरवर त्यातली एकेक चौकट तपासायची, चांगल्या तेवढ्या एकावर एक बसवायची. दिवाळीच्या आसपास एकदाचं जमलं. पिवळसर गोळा, आणि त्याच्याभोवती वेगळं, स्पष्ट कडं. तिने मोठी प्रिंट काढली, खाली 'शनी' लिहिलं आणि दुकानात लावली.

दोन दिवसांनी वैष्णवी नावाची एक मुलगी आईसोबत लग्नासाठी फोटो काढायला आली. ती स्टुलावर बसलीसुद्धा. तेवढ्यात आईची नजर भिंतीवर गेली.

"हे काय वं? शनी? पोरीच्या लग्नाच्या कामाले आलो, अन् पुढ्यात शनी!"

"मीच काढलेला फोटो आहे तो," सत्यशीला म्हणाली.

"कोनंबी काढला असो. चाल वं, ऊठ." आई मुलीला घेऊन निघून गेली.

जमीरभाईच्या कानावर गेलंच. "ताई, आत ठेवून द्या ना तो. गिऱ्हाईक तुटन."

"काहून? माह्या हातचा फोटो हाय तो," ती म्हणाली. तिने प्रिंट भिंतीवरून काढली आणि रस्त्यावरून दिसेल अशी दर्शनी काचेत लावली. दिवस मावळल्यावर दुर्बीणही दुकानासमोर मांडली.

लोक थबकू लागले. बसची वाट पाहणारे, बाजारातून परतणारे, एकामागे एक डोळा लावून जाऊ लागले. एका म्हाताऱ्याने आत चित्र चिकटवलंय का म्हणून दुर्बिणीच्या पुढच्या तोंडात वाकून पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी रांगेत वैष्णवी दिसली. मागे, जरा अंतर राखून, आई.

वैष्णवीने पाहिलं आणि आईचा हात धरून तिला पुढे ओढलं. आई नाही नाही म्हणत वाकली. मग बराच वेळ तशीच राहिली.

"हे चालून काहून राह्यलं?" तिने डोळा न काढता विचारलं.

"ते नाही चालत. आपली पृथ्वी फिरून राह्यली, म्हणून ते सरकल्यासारखं दिसते."

आई उभी राहिली तेव्हा पदराने डोळा पुसत होती. "इतका साजरा हाय हा?" ती म्हणाली. "अन् आम्ही जनमभर याले भेत आलो."

"मावशी, मी काढू फोटो?" वैष्णवीने विचारलं. सत्यशीलाने कॅमेरा बसवून दिला. वैष्णवीने श्वास रोखून बटण दाबलं, आणि पडद्यावर कड्यासकट शनी उमटला तशी ती रस्त्यावरच ओरडली, "माह्याकडूनबी आला!"

स्टुलावरचा राहिलेला फोटो दुसऱ्या दिवशी काढून झाला. जाताना आई काचेपाशी थांबली. "यावर तुमचं नाव नाही दिसत," ती म्हणाली. "लोकायले समजाले पायजे ना, कोनं काढला."

एवढ्या वर्षांत सत्यशीलाने कुठल्याच फोटोवर आपलं नाव घातलं नव्हतं. ती आत गेली, जाड पेन घेऊन आली आणि 'शनी'च्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: छायाचित्र – सत्यशीला नगराळे, मारेगाव. मग शेजारच्या दुकानाकडे वळून हाक मारली, "जमीरभाई, तुमचंबी नाव टाकतो. पूर्ण नाव सांगा."