तहान लागणारा दोर

साहेब, औंढ्याच्या प्रदर्शनाच्या कागदावर तुम्ही शेऱ्यात खोटं लिहिलंत. 'यंत्र निकामी. बाईस यंत्राचे ज्ञान नाही.' ती बाई माझी बायको, चांगुणा. तिचं यंत्र कसं झालं ते आता ऐका.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात मी पाय मोडून शिरड शहापूरच्या घरी पत्र्याखाली पडून होतो. खिडकीला ओलं गोणपाट लावलं की वारा गार यायचा, पण तासाभरात ते वाळायचं. चांगुणा मजुरीला गेलेली; पाणी मारणार कोण? एकदा गोणपाट भिजवताना तिच्या हातून पाणी माझ्या बाजेवर सांडलं. बाजेचा सैल दोर थोड्या वेळात ताठ आवळला. अंबाडीचा दोर भिजला की आवळतो, वाळला की सैल पडतो, हे गावात कोणाला ठाऊक नाही? पण चांगुणा बघतच उभी राहिली.

आठ दिवसांत तिनं खिडकीवर पाण्याचा डबा बसवला, त्याला गोणपाटावर पाणी सोडणारी तोटी. अंबाडीचा लांब दोर गोणपाटावरून खालीवर फिरवून तोटीच्या दांडीला बांधला, दांडीला धोंडा. गोणपाट वाळलं की दोर सैल, धोंडा खाली, तोटी उघडी. भिजलं की दोर आवळून तोटी बंद. मला हात हलवायचं काम नाही.

शेजारची मालनबाई म्हणाली, "चांगुणे, नवऱ्यापरीस तुझा दोर कामाचा हाय गं!"

मीही हसलो. खरंच होतं.

तेच यंत्र तिनं औंढ्याच्या प्रदर्शनात मांडलं. पाहुणे यायच्या आधी तुम्ही तिचा दोर सोडवून निळा नायलॉनचा बांधायला लावला.

"काहून बदलला, साहेब?"

"बाई, तो मळका दिसतो. हा बघा कसा चकचकीत."

"पर ह्याला तहान लागत न्हाई, साहेब."

"दोराला तहान?" मांडवभर ऐकू जाईल असे हसलात तुम्ही.

पाहुणे आले. तोटी उघडली ती उघडीच. नायलॉन चिंब भिजला, तसूभर आवळला नाही. पाहुण्यांचे बूट भिजले आणि तुम्ही चांगुणाकडे बोट केलंत. ती खाली मान घालणारी नव्हे. सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा दोर द्या, आत्ताच्या आत्ता करून दाखवते." तुम्ही पाहुण्यांना घाईनं पुढं नेलंत.

आज शिरडात अकरा घरांत तिची खिडकी चालते, गुरुजींच्यासुद्धा. छाती फुगते माझी. पण तुमच्या कागदावर ती अजून अडाणी आहे. तो शेरा खोडून तिथं तिचं नाव कधी लिहिता? दिवस सांगा, साहेब.