ज्यांना कुणी विचारलं नव्हतं

वडवणीच्या दवाखान्यातल्या गंगासागर सिस्टर संख्याशास्त्राच्या प्रशिक्षणाला औरंगाबादला गेल्या, त्या डोक्यात एक प्रश्न घेऊनच. दुष्काळात दूध संघानं चारा छावणी उघडली होती. तिथल्या बाया लघवीच्या जळजळीनं एकीमागून एक दवाखान्यात येत. सगळे म्हणत, "उन्हाळा हाय, व्हायचंच."

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजारी पडल्या त्यांना तुम्ही पाहिलंत. ज्या पडल्या नाहीत, त्यांना कुणी विचारलं?"

सिस्टर परतल्या त्या थेट छावणीवर. बायांना विचारायचंय म्हटल्यावर संघाचे चेअरमन मोहनराव म्हणाले, "बोलक्या बाया मीच निवडून देतो."

"न्हाई, मोहनराव. निवड तुमची नको अन् माझीबी नको. नावाच्या चिठ्ठ्या टाकू."

घमेल्यातून चिठ्ठ्या निघाल्या. जनावरांपाशी मुक्कामाला राहणाऱ्या साठ बाया, अन् संध्याकाळी गावात परतणाऱ्या साठ. सिस्टरांनी एकेकीजवळ बसून विचारलं. मुक्कामी साठांत त्रास सत्तावीस जणींना, परतणाऱ्या साठांत आठच जणींना. ऊन तर दोन्ही गटांच्या डोक्यावर सारखंच होतं.

मुक्कामी बायांतल्या एकीला त्यांनी विचारलं, "छबुबाई, टँकर येतो की. मग पाणी कावून पीत न्हाई?"

"पिऊन जायचं कुठं, सिस्टर? समदा माळ उघडा. अंधार पडेस्तोवर दाबून धरतो आमी. गावात जाणाऱ्यांस्नी घरी संडास तरी हाय, आमचं रातंदिस हितंच."

सिस्टरांनी तीनदा गणित केलं, मग मॅडमना पाठवलं. उत्तर आलं, "एवढा फरक योगायोगानं पडत नाही."

संघाच्या बैठकीत त्या आकडे घेऊन उभ्या राहिल्या. एक संचालक कुरकुरले, "लघवीच्या गोष्टी बैठकीत कशाला?"

सिस्टर ठामपणे म्हणाल्या, "दुधाचं फॅट तुमी रोज मोजता. ते दूध काढणाऱ्या बायांचा त्रास मी मोजला."

मोहनरावांनी तिथंच संडासांचा ठराव लिहायला सांगितला. आठ दिवसांत पत्र्याचे दहा संडास उभे राहिले.

महिन्यानं सिस्टरांनी त्याच मुक्कामी साठ जणींना पुन्हा गाठलं. आता त्रास नऊ जणींनाच उरला होता.

छबुबाईनं आकड्यांचा कागद उलटासुलटा करून पाहिला. "त्या सत्तावीसात मी हाय का?"

"हाय."

"अन् नवात?"

"न्हाई."

"मंग लिवा की माझं नाव मोठ्या अक्षरात!"

"नावं लिहीत न्हाईत, छबुबाई. पण तुमच्यावाचून हा आकडा झालाच नसता."

छबुबाई कागद डोक्यावर धरून छावणीभर सांगत सुटली. सिस्टर मात्र तिथंच बाजेवर बसून राहिल्या, डोळे पुसत अन् हसत.