बांधावरचे नऊ नमुने

मी चिखलाचे नमुने काढणारी नळी बोलतेय. पोलादी, दोन माणसांएवढी लांब, एका बाजूने उघडी. वर आडवी मूठ, खाली धार. जमिनीत घुसायचं, अर्धं वळायचं आणि पोटात माती भरून वर यायचं, एवढंच माझं काम.

समरिंदा शहरातल्या एका वर्कशॉपात मी घडले. तिथून नमुने गोळा करणाऱ्या फिर्मानच्या हाती आले आणि त्याच्याबरोबर महाकाम नदीच्या मुखाशी, निपा ताडांच्या पाणथळ रानात. उपग्रहाला वरून नुसती पानं दिसतात. खालच्या चिखलात कार्बन किती दडलाय, हे त्याच्या नकाशाला माझ्या पोटातल्या मातीवरूनच शिकवतात. केवढी ऐट होती मला! आभाळातल्या त्या डोळ्याचं माझ्यावाचून अडत होतं.

त्या दिवशी रानातली नऊ ठिकाणं गाठायची होती. ओहोटी लागलेली, चिखल कमरेएवढा. फिर्मानने होडी कोळंबीच्या जुन्या तळ्याला लावली आणि मला बांधावरच रोवलं.

होडीवाला हसला, "अहो साहेब, ठिकाण तर पार आत आहे ना?"

"चिखल सगळा सारखाच. वरून कोण बघतंय?"

नऊ वेळा, एकाच बांधात! वहीत मात्र दर वेळी नवं ठिकाण. मी हबकलेच. माझ्या पोटात भरावाची पिवळी माती होती आणि ती रानाच्या नावावर लिहिली जात होती. मला तोंड असतं तर किंचाळले असते.

नकाशा आला. अख्खं रान फिकं पिवळं, 'कार्बन नगण्य'. म्हणजे तोडून कोळंबीची तळी खणायला मोकळं. त्या रानात बेच्चे नावाची बाई तीस वर्षं खेकडे धरतेय. नकाशाचा कागद घेऊन ती थेट फिर्मानसमोर उभी राहिली.

"माझं रान पिवळं कुणी केलं रे?"

"उपग्रहाने, इबू," तो म्हणाला. तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच 'आई' म्हणतात.

"त्याचे पाय चिखलात भरले होते का? आणि तुझे?"

फिर्मानचा चेहरा उतरला. बेच्चेने मला खांद्यावर टाकलं आणि ती रानात शिरली. तो बांधापर्यंत मागोमाग आला आणि तिथेच थांबला.

तिने मला दाबलं. एक मीटर, दोन, तीन. तळ लागेचना! मूठ चिखलाला टेकली. पोटात काळाकुट्ट, मऊ, शतकानुशतकांचा गाळ भरला. एवढं इथे आहे, आणि आम्ही काय लिहून आलो!

आता तो गाळ मला सोडत नाही. उपसायला दोघं लागतात. बेच्चे एकटीच ओढतेय. उद्या रान तोडायला यंत्रं येणार आहेत.

"ये ना रे, दुसरी बाजू धर!" ती ओरडतेय.

फिर्मान बांधावर उभा आहे, बूट हातात घेऊन. ये बाबा. कमरेएवढाच तर चिखल आहे.