झील

शिवणवालीला गीतांची झीलच तेवढी यायची. ओळ नवऱ्याची. तो बसचा ड्रायव्हर, पण गळा असा की चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश गाऊन सांगायला लागले की हा पुढे उभा! घरीही संध्याकाळी प्रार्थनेला तो ओळ टाकायचा, "अंधारात कोण गं जागं?" आणि ही झील धरायची, "माझा मेंढपाळ जागा." सासूबाई कानानं अधू, सुरानं त्याहून अधू. त्या मध्येच खच्चून सूर लावायच्या, मग तो हसून म्हणायचा, "आई, हळू! देवाला ऐकू येतं."

शहर पेटलं त्या दिवशी त्याची बस डेपोत परतली नाही.

त्यानंतर घरात शिवणयंत्र चाललं, चूल पेटली. गाणं तेवढं विझलं. दिवेलागणीला सासूबाई म्हणायच्या, "हं, कर सुरू." ही हात जोडून बसायची. ओळ टाकणाराच नाही, तर झील कशाची धरायची? नुसतं आमेन म्हणून उठायची. देवाशी आपलं बोलणं त्याच्याच तोंडून होतं, ते त्याच्याबरोबर गेलं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"त्याच्या सदऱ्याचा अभ्रा शिवून दे मला," सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. हिनं कॉलरला कात्री लावली. कॉलरला अजून त्याचा वास होता. तेवढ्यात वीज गेली. बाहेर संचारबंदी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं आणि ती ओरडलीच, "अंधारात कोण गं जागं? आहे का कुणी?"

सासूबाईंना वाटलं, प्रार्थना सुरू झाली. कोपऱ्यातून फाटक्या आवाजात, ताल सोडून, झील आली, "माझा मेंढपाळ जागा!"

त्याचंच वाक्य हिच्या तोंडातून निघून गेलं, "आई, हळू... देवाला..." पुढचं हुंदक्यात अडकलं.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. मी बहिरी आहे गं."

"ऐकू येतं म्हटलं! देवाला ऐकू येतं!"

भिंतीवर आदळून ते शब्द तिच्याच कानांवर आले.

"मग पुढची ओळ टाक की," म्हातारी म्हणाली. "का मीच सगळं गाऊ?"

पुढची ओळ येत नाही असंच ती धरून चालली होती. ती आली; रडवेली, खालच्या पट्टीत. आणि तो जिथं श्वास घ्यायचा, तिथंच तिनंही घेतला.