काळ्या बाटलीचं नाव

त्याने बोटाने आईची खालची पापणी ओढून धरली, दुसऱ्या हाताने औषधाची कुपी डोळ्यावर आणली आणि तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन थरथरला. कुपी हवेतच राहिली. ऑपरेशन झालेला लालसर डोळा ताणून आई छताकडे बघत होती.

"पडला का थेंब?"

"थांब जरा."

निवडुंगाच्या फोटोवाल्या बाईचं उत्तर आलं होतं. जुन्या गावच्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी सहज विचारलं होतं, की काळ्या कोल्ड्रिंकला आपल्याकडे काय म्हणायचे? कुणी लिहिलं थंडा, कुणी सोडा, कुणी नुसतंच बाटली. त्याने लिहिलं, 'काढा. सगळं गाव काढाच म्हणायचं.' बाईने लिहिलं, 'मी तिथेच वाढले. सगळं गाव नाही म्हणायचं.' तेव्हापासून तो जेवताना डाव्या अंगठ्याने भांडत होता. 'बदलीवर येऊन चार दिवस राहिलेल्यांनी आम्हाला आमची भाषा शिकवू नये,' हे त्याचं कालचं वाक्य. ते कुणाकुणाला आवडलं, हे त्याला तोंडपाठ होतं.

बाईने आता लिहिलं होतं, 'चौकात आमच्या वडिलांचं दुकान होतं. शाळेतून आले की मी गल्ल्यावर बसायचे. काढा मागणारं एकच घर होतं. हा विषय इथेच थांबवू या.'

"पळाली," तो म्हणाला.

"कोण रे?"

"आहे एक बाई. अंगाशी आलं की म्हणे विषय थांबवू या."

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. एका वजनाला काटा बरोबर निघाला म्हणून तो पास करायचा नसतो, हे तो खात्यात नव्याने आलेल्यांना शिकवायचा आणि फळ्यावर त्या वाक्याखाली दोन रेघा ओढायचा.

बायकोने दारातून डोकावलं. "अहो, आईंचा डोळा धरून बसलायत तुम्ही. आधी औषध घाला, मग जग जिंका."

"दोन मिनिटं," म्हणत त्याने कुपी खाली ठेवली आणि फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं. "आई, मोठ्याने सांग. आपण कोल्ड्रिंकला काय म्हणायचो?"

"काढा," आई म्हणाली आणि खुदकन हसली. मग हसू ओसरलं. "अजून लक्षात आहे तुझ्या?"

"म्हणजे काय! मीच जायचो ना आणायला. 'काका, काढा द्या' म्हटलं की काका मुकाट्याने बाटली काढून द्यायचे."

"त्यांना मी सांगून ठेवलं होतं."

"काय?"

आईची बोटं चादरीचा काठ चाचपत राहिली. "तुझे बाबा त्यात मिसळून घ्यायचे. बघून काही कळायचं नाही. एकदा तू त्यांचा ग्लास तोंडाला लावलास, तेवढ्यात मी ओढला. म्हटलं, बाबांचा काढा आहे तो, कडूजहर. परत कधी हात लावला नाहीस." तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं. "हे मी कुणाला बोलले नाही रे. माहेरीसुद्धा नाही. वाटायचं, तू मोठा झालास की तुला तरी—"

"पण काढा म्हणायचो की नाही?"

"म्हणायचो. आपल्या घरात."

"झालं तर मग."

त्याने मनगट सोडवून घेतलं. आवाज कापायला दोन्ही हात लागत होते. 'काढा'च्या पुढचं सगळं त्याने उडवलं, हसू तेवढं ठेवलं. त्यामुळे खरेपणा येत होता. वर लिहिलं, 'ऐका. माझी आई. सगळा जन्म त्याच गावात गेला. अजून पुरावा हवाय?'

लोक तुटूनच पडले. एकाला आठवलं, की त्याची आजीही काढाच म्हणायची. ज्याचा त्या गावाशी सासुरवाडीपुरताच संबंध होता, त्यालाही आठवलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी काळा रंग आणि काढा यांचा संबंध तीन परिच्छेदांत समजावून सांगितला आणि खाली शुभ सकाळ लिहिलं. संध्याकाळ होत आली होती.

तो मात्र निवडुंगाची वाट बघत होता. अखेर निवडुंग उगवलं.

"आली बघ शरण!" त्याने मोठ्याने वाचलं, "'माझीच चूक झाली. आवाज ऐकला आणि काकूंना लगेच ओळखलं. हो, सगळं गाव काढाच म्हणायचं. काकूंना नमस्कार सांगा.'"

बायको दारातच उभी होती. ती आईंकडे बघत होती.

"चौकातल्या दुकानवाल्यांची मुलगी का रे ती?" आईने विचारलं.

"असेल. कुणी का असेना, कबूल तर केलं."

"गुणाची पोर," आई म्हणाली. "बापासारखी."

"कसली गुणाची! आठवडाभर डोकं खाल्लं तिने माझं." त्याने बाईच्या उत्तराचा फोटो काढून ठेवला आणि कुपी पुन्हा उचलली.

आईने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"आई, उघड ना," तो म्हणाला. "थेंब अजून घातलेलाच नाही."