रांजणाच्या बुडाशी

शिवकन्येला लिहिण्याची खोड होती. खोड म्हणजे कशी, तर एखाद्याला तंबाखूची असते तशी. कुंभाराच्या घरात कागद कुठला यायला? मग ती राखेत लिहायची, पिठात लिहायची, तव्याच्या काजळीवर लिहायची, आणि काहीच हाताशी नसलं की बोटानं स्वतःच्या गुडघ्यावर. लग्न होऊन ती कुंभार पिंपळगावात आली तेव्हा सातवी पास सून म्हणून साऱ्या आळीला कौतुक होतं. पण ओल्या माठांवर बाभळीच्या काट्यानं कोरलेल्या ओळी दिसू लागल्या आणि सासऱ्याचं कौतुक आटलं.

"ओल्या मातीला चरा पडला की आव्यात भाजताना तडा जातो," रामराव म्हणाला. "उद्यापासून बिलकुल बंद."

तिनं बंद केलं. आठवडाभरात तिचं जेवण तुटलं, डोळे खोल गेले. तिचा नवरा संपत झोपेतून दचकून उठायला लागला, कारण ही त्याच्या पाठीवर बोटानं लिहीत असायची. आणि मग एकाएकी पोरगी सुधारली. पोटभर जेवू लागली, माती तुडवताना गाणं गुणगुणू लागली. रामराव म्हणाला, गेली खोड.

सासू मालनबाई मात्र नवऱ्याइतकी भोळी नव्हती. मोठ्या रांजणांना आतून हात फिरवायचं काम सुनेकडे होतं. ही कंबरेपर्यंत आत वाकते ते ठीक, पण बाहेर निघायला इतका वेळ का लावते? एकदा मालनबाईनं मागून जाऊन डोकावलं. बुडाशी, ओल्या मातीत, मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं होती. हात इतका हलका की तडा जायची भीती नाही.

"काय लिहून राह्यली गं?"

शिवकन्येच्या हातातला काटा गळून पडला. "काई न्हाई, आत्याबाई. मनात आलं ते."

"मनात काय आलं?"

"आता आठवत न्हाई. लिहिलं की जातं. खाज सुटली की माणूस खाजवतो का न्हाई? तसं हाये बघा. मामांना सांगू नका."

मालनबाईनं सांगितलं नाही. यात चांगुलपणा होता, पण थोडाच. बाकी सगळं कुतूहल होतं. मालनबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण सून रांजणात सासूची गाऱ्हाणी लिहिते याबद्दल तिची खात्री होती. प्रश्न एवढाच होता, की कोणती? मिठाचं? पहाटे उठवण्याचं? की आपल्या हातून फुटलेल्या तिच्या बांगड्यांचं? भाकरी थापतानाही तिचं डोकं त्यातच असायचं.

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच. रांजण विकले गेले, लोकांच्या घरी भरले गेले, अक्षरं पाण्याखाली गेली. मग बहात्तर साल उजाडलं. विहिरी आटल्या, रांजण तळाला गेले, आणि पाणी वाटीनं खरवडायला बायका आत वाकल्या तेव्हा त्यांना बुडाशी ओळी दिसल्या.

भर बाजारात तीर्थपुरीची दुर्गाबाई येऊन थडकली. "मंतरलेलं पाणी पाजून राह्यलात का आम्हाला? रांजणात काय लिहिलंय त्ये सांगा आधी!" माठ वाजवून बघणारी गिऱ्हाइकं हात झटकून पुढच्या कुंभाराकडे गेली. त्या दिवशी रामरावाचं एक गाडगं खपलं नाही.

घरी आल्यावर त्यानं आवाज चढवला नाही, हेच वाईट. "शनिवारी संपत तिला माहेरी सोडून येईल. खोड गेल्याबिगर आणायची न्हाई."

माहेरी सावत्र आई होती. अशी परत धाडलेली पोर पुन्हा सासरचा उंबरा बघत नाही, हे मालनबाईला पक्कं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर सुनेच्या काळजीच्या जोडीला ते जुनं कुतूहलही उसळलं. निदान काय लिहिलंय ते तरी कळू दे! दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं तीर्थपुरीला गेली.

दुर्गाबाईचा नवरा साहेबराव घरीच होता; मंत्राच्या धास्तीनं त्यानं आजवर आत डोकावलं नव्हतं. त्यानं कंदील रांजणात सोडला आणि वाचलं, "माळावर एकटंच गाढव उभं होतं. कुणाची वाट बघत होतं कोण जाणे." त्यानं ते पुन्हा मनात वाचलं. मग मालनबाईकडे संशयानं बघत म्हणाला, "हे माझ्यावर तर न्हाई ना?" दुर्गाबाईला हसू आवरेना. मंत्र तिथंच उतरला.

गावात परतल्यावर मालनबाई रांजण घेतलेल्या अजमतभाईंच्या घरी गेली. त्यांनी तर ओळ पाठच केली होती. "चिंचेची सावली आंबट का नसते? मालनबी, आमच्या घरात रोज यावर भांडन होतं. जवाब सुनेकडून आना!" उषाबाईंच्या रांजणात होतं, "आज मला फार हसू आलं. कशाचं ते विसरले."

मालनबाई घरोघर वाकून आली. करणी नाही, शिवी नाही, गाऱ्हाणं नाही. सुटकेचा श्वास सोडावा, तर तिला रागच आला. इतकी वर्षं हिला आपल्या हातची भाकरी घातली, आणि गाढवाला जागा आहे, चिंचेला आहे, मला एक ओळ नाही?

शनिवारी ती शेवटचं घर करून आली तेव्हा संपत शिवकन्येची पिशवी घेऊन दारात उभा होता. मालनबाईनं रामरावाला सगळ्या ओळी सांगितल्या. "कुणाचं वाईट लिहिलं न्हाई तिनं," ती म्हणाली.

"आज न्हाई लिहिलं. उद्या लिहील," रामराव म्हणाला.

मालनबाई सुनेकडे वळली. "आन् माझ्यावर गं? माझ्यावर लिहावं असं काईच न्हाई?"

शिवकन्या खाली बघत म्हणाली, "तुमच्यावरचं आपल्याच रांजणात हाये."

घरच्या रांजणाचं बूड कधी कुणी पाहिलं नव्हतं. दुष्काळातही मालनबाई लांबून पाणी आणून त्यात वीतभर तरी ठेवायची. आता तिनं पदर खोचला.

"पाणी उपसतीस? येड लागलं का?" रामराव ओरडला.

"थेंब सांडणार न्हाई." घागर, कळशी, पातेली, परात, घरातलं एकूण एक भांडं भरलं. मग संपतनं कंदील घेऊन रांजणात डोकं घातलं. त्याचा आवाज आतून घुमत, मोठा होऊन बाहेर आला.

"आत्याबाई सगळ्यांच्या मागून पाणी पितात. उरलं नाही, तर म्हणतात, मला तहानच नाही."

मालनबाई लाजून चूर झाली. "काईतरीच लिहिती. मला खरंच तहान लागत न्हाई."

रामराव तिच्याकडे बघत राहिला. एवढा संसार झाला, रोज तिच्याच हातचं पाणी प्यायला, पण ती कधी पिते हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं कळशीतून तांब्या काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"पी. आम्ही मागून पिऊ." मग मान न वळवता म्हणाला, "संपत, पिशवी आत ठेव."

मालनबाई घटाघटा प्यायली. तांब्या रिकामा झाला, तरी तो तोंडापुढून खाली घ्यायला तिला बराच वेळ लागला.